घाट ओलांडायचा तर एसटीनेच

कल्याण हे सातवाहनांच्या काळातलं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांनी, सोनारांनी आणि लोहारांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी माहितीपुस्तकातही या बंदराचं नाव येतं. इथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून पूर्वेला जायचा. सह्याद्रीची भिंत आडवी आली की तिच्यातल्या एका खिंडीतून वर चढायचा आणि जुन्नरमार्गे पैठणकडे निघायचा. ती खिंड म्हणजे नाणेघाट.

आजही कल्याणच्या एसटी स्टँडवरून मुरबाड, टोकावडेमार्गे माळशेजकडे गाड्या सुटतात. त्यांतल्या कुठल्याही गाडीत बसावं, कंडक्टरला आधी सांगून ठेवावं आणि वैशाखरे गाव मागे पडल्यावर नाणेघाटाच्या पाटीपाशी उतरावं. गाडी माळशेजकडे निघून जाते आणि आपण उजव्या हाताच्या रानात शिरतो. तिथून घाटमाथ्यापर्यंत चाक असलेलं काहीही जाऊ शकत नाही. सातवाहनांच्या काळातही जात नव्हतं.

या वाटेचा दिवाळीशी मेळ आहे. पाऊस सरलेला असतो, ओढ्यांत अजून पाणी असतं, कोकणातलं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. नाणेघाट पाहायचा तर तो तेव्हा, आणि खालून.

दावं

‘खालून’ हा शब्द मुद्दाम वापरला. कारण अलीकडे बहुतेक लोक नाणेघाट वरून पाहतात. जुन्नरहून घाटघरकडे जाणारा डांबरी रस्ता थेट माथ्यापर्यंत येतो. गाडी लावायची, गुहा बघायची, ‘नानाचा अंगठा’ या सुळक्यावर उभं राहून फोटो काढायचे, भजी खायची आणि परत निघायचं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी खिंडीतून वर उलटा उडणारा धबधबा पाहायला इतकी गर्दी होते की गाड्यांच्या रांगा पठारावर लांबवर लागतात. एवढं सगळं करूनही त्यांतल्या कित्येकांनी नाणेघाट पाहिलेला नसतो. त्यांनी पाहिलेलं असतं ते घाटाचं वरचं टोक.

घाट ही ओलांडायची जागा आहे. कोकणातून देशावर जायचं किंवा देशावरून कोकणात उतरायचं, यासाठी ती माणसांनी खोदली. ज्याने ती ओलांडली नाही, त्याला तिथली गुहा का खोदली, तिथे पाण्याची टाकी का आहेत, तिथे राजघराण्याच्या मूर्ती का बसवल्या, यातलं काही कळत नाही. आणि ओलांडण्याची ही गोष्ट स्वतःच्या गाडीने करता येत नाही. गाडी पायथ्याला लावली की चालणारा दाव्याला बांधलेल्या गुरासारखा होतो. कितीही रान फिरला तरी संध्याकाळी त्याच खुंट्यापाशी यायचं. डोंगराच्या पलीकडे उतरण्याची मुभा त्याने सकाळीच गमावलेली असते.

एसटीने येणाऱ्याला हा खुंटा नाही. तो ठाणे जिल्ह्यात उतरतो आणि पुणे जिल्ह्यातून परततो. सकाळी कोकण, संध्याकाळी देश. या लेखाला सांगायचं आहे ते इतकंच: सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटा, त्यांच्या भोवतीचं जंगल आणि त्या राखण्यासाठी बांधलेले किल्ले एकमेकांशी जोडलेले आहेत, आणि ती जोडणी अजून जशीच्या तशी कळते ती एसटीच्या लाल गाडीला.

वैशाखऱ्यापासून वर

सुरुवातीचा टप्पा जवळजवळ सपाट आहे. हे पानगळीचं जंगल. ऐन, साग, कुडा, पळस, सावर, मधूनच मोठा आंबा. करवंदीच्या जाळ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खडबडीत असते, तिच्यावरून हात फिरवला की झाड ओळखायला पुन्हा पुस्तक लागत नाही. पायथ्याच्या वाड्यांमध्ये ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी राहतात. सकाळी या वाटेवर त्यांची माणसं हमखास भेटतात, लाकूडफाटा घेऊन, गुरं घेऊन, कधी नुसतीच वरच्या गावी नातेवाइकांकडे निघालेली. वाट चुकली तर विचारावं ते यांनाच. कोणता ओढा ओलांडायचा आणि कोणता हाताशी ठेवायचा, हे मोबाइलच्या नकाशापेक्षा त्यांना जास्त नेमकं माहीत असतं.

ओढे ओलांडत गेलं की चढ लागतो आणि रान दाट होतं. इथे पायाखाली लक्ष द्यायला हवं, कारण वाट आता दगडांची होते. काही ठिकाणी दगड सुटे नाहीत, बसवलेले आहेत. ओझ्याच्या बैलाला पाय ठेवायला सोयीचा पडावा इतका तो चढ बेतलेला आहे. दोन हजार फुटांच्या आसपासचा चढ दमवतो, पण तो कुठेही अंगावर येत नाही. ज्यांनी वाट आखली त्यांना स्वतःच्या हौसेसाठी चढायचं नव्हतं, माल पोचवायचा होता. म्हणून वाट वळते, उसंत देते आणि नेमकी जिथे घसा कोरडा पडतो तिथे कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं समोर येतं.

वर मान केली तर काळा कडा दिसतो. दख्खनच्या लाव्ह्याचे हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. एकावर एक आडव्या पट्ट्या, त्यांच्या बेचक्यांत गवत, आणि डावीकडे पुढे झुकलेला तो प्रचंड सुळका, नानाचा अंगठा. वरून गाडीने येणारा त्या अंगठ्यावर उभा राहतो, पण अंगठा त्याला दिसत नाही. तो दिसतो खालून चालत येणाऱ्याला, तासाभराच्या चालीत दर वळणावर वेगळा.

पाटीपासून गुहेपर्यंत तीन तास धरावेत. लहान मुलं असतील तर चार.

गुहेतली राणी

खिंड अरुंद होते, दोन्ही बाजूंनी कातळ जवळ येतो आणि गुहा दिसते. दमून आलेल्याला पहिल्यांदा जाणवतो तो तिथला गारवा. बसायला कातळात कोरलेले बाक आहेत. वाटसरू आणि जकातीची माणसं इथे थांबत असतील, हे बसल्याबरोबर पटतं.

मग डोळे अंधाराला सरावतात आणि भिंतींवरची अक्षरं दिसू लागतात. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, काळ इसवी सनापूर्वीचा, साधारण पहिल्या शतकाच्या आगेमागे. हा लेख राणी नागनिकेचा. सातवाहन राजा सातकर्णीची ही पत्नी आणि एका महारठीची मुलगी. लेखाच्या आरंभी देवतांना वंदन आहे. त्यांत प्रजापती आणि इंद्र आहेत, संकर्षण-वासुदेव आहेत, चंद्र-सूर्य आहेत, चार दिशांचे लोकपाल आहेत. पुढे यज्ञांची यादी आहे, अश्वमेध, राजसूय आणि इतर, आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा. गायी, घोडे, हत्ती, गावं, वस्त्रं, कार्षापण नाणी.

ही दक्षिणा आकड्यांत लिहिलेली आहे आणि त्यामुळे नाणेघाट जगाच्या गणिताच्या इतिहासात गेला. भारतात कोरलेल्या अंकांचा इतका जुना आणि इतका भरगच्च पुरावा फार थोड्या ठिकाणी आहे. दोन, चार, सहा, सात, नऊ यांची चिन्हं इथे आहेत. दहा, वीस, शंभर, हजार यांची वेगळी चिन्हं आहेत. शून्य नाही आणि स्थानावरून किंमत ठरण्याची पद्धतही अजून नाही. चोवीस हजार चारशे लिहायचे तर वीस हजाराचं, चार हजाराचं आणि चारशेचं चिन्ह शेजारीशेजारी मांडायचं. आज आपण आणि सारं जग जे अंक वापरतं त्यांच्या वंशावळीचं एक पान या कातळावर आहे. आणि ते कोरलं गेलं राजधानीत नाही, तर जंगलातल्या खिंडीत, जिथून रोज ओझ्याची जनावरं जायची आणि रोज हिशेब व्हायचा.

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सातवाहनांचा मूळपुरुष सिमुक, राणी नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, राणीचे वडील. मूर्ती आता नाहीत. वर नावं कोरलेली आहेत आणि खाली पायांच्या अस्पष्ट खुणा. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ही गुहा विद्वानांच्या नजरेस आणली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेखाचे ठसे घेतले आणि अंकांचा उलगडा करण्यात मोठा वाटा उचलला. गेऑर्ग ब्यूलरने १८८३ मध्ये लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं. भगवानलालांनी आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला होता. म्हणजे समुद्रकाठचं सोपारा आणि डोंगरातला नाणेघाट या एकाच व्यापारी मार्गावरच्या दोन ठिकाणांचा अभ्यास एकाच माणसाच्या हातून झाला.

लेखाची अक्षरं झिजत चालली आहेत. त्यांना हात लावू नये, खडूने भरू नये, शेजारी नाव कोरू नये. दोन हजार वर्षांत जेवढं झिजलं नाही तेवढं एका हंगामात झिजू शकतं.

हिरड्याचं रान

खिंड संपली की एकदम उघडं पठार आणि तोंडावर वारा. वाटेच्या कडेला मोठा दगडी रांजण आहे. जकात यातच टाकली जायची असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. पुढे घाटघर. दिवाळीच्या सुमारास खाचरांत भाताची कापणी चालू असते आणि गावात शिरताना पेंढ्याचा वास येतो.

हा जुन्नरचा पश्चिम भाग महादेव कोळी समाजाचा. भात, नाचणी, वरई ही पिकं आणि त्यांच्या जोडीला हिरडा. हिरड्याची झाडं इथल्या रानात आणि बांधांवर आहेत. उन्हाळ्यात कोवळी फळं वेचायची, वाळवायची आणि विकायची. या वाळलेल्या कोवळ्या फळाला बाळहिरडा म्हणतात आणि तो औषधांसाठी लांबवर जातो. पावसाळ्याआधी हातात येणारा रोख पैसा अनेक घरांत याच झाडाचा असतो. त्या वर्षी भाव काय मिळाला आणि खरेदी वेळेवर झाली का, यावर मुलांच्या वह्यापुस्तकांपासून बी-बियाण्यापर्यंतचे बेत ठरतात. म्हणून इथलं जंगल राखलं जाण्यामागे सरकारी पाटीइतकंच हे झाडही आहे. हिरडा तोडणाऱ्याला तो पुन्हा मिळत नाही, हे इथे शाळेत शिकवावं लागत नाही.

चालत आलेला माणूस या गावात थांबतो. त्याला जेवण हवं असतं, पाणी हवं असतं, कधी रात्रीपुरती ओसरी हवी असते. भाकरी, पिठलं, गावचा भात, जमलं तर रानभाजी. पैसे त्या घरात राहतात. गाडीने येणारा मात्र डबा घरून आणतो आणि रिकामे डबे इथे ठेवून जातो, असं इतक्या ठिकाणी दिसतं की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

घाटघरपासून दाट झाडीतून जीवधनला वाट जाते. झाडी इतकी दाट आहे की वाटाड्या घ्यावा. गावातली तरुण मुलं हे काम आनंदाने करतात. गडाला दोन बाजूंनी चढता येतं. जुन्या पायऱ्या इंग्रजांनी उद्ध्वस्त केलेल्या असल्यामुळे काही जागी कातळावर हात-पाय रोवूनच जावं लागतं. वर दगडी कोठार आहे, पाण्याची टाकी आहेत आणि पश्चिमेचा दरवाजा कोकणाकडे तोंड करून आहे. त्याचं नावच कल्याण दरवाजा. शेजारी वानरलिंगीचा सुळका सरळसोट उभा. इथून खाली पाहिलं की सकाळी ज्या रानातून आपण वर आलो ते सगळं एका नजरेत येतं आणि या किल्ल्याचं काम काय होतं ते उमगतं. घाटातून चढणारा प्रत्येक तांडा इथल्या पहारेकऱ्याला दिसत असणार.

घाटघर ते जुन्नर, थांब्याथांब्याने

घाटघरहून जुन्नरला एसटी आहे. दिवसाला मोजक्याच फेऱ्या, म्हणून वेळा जुन्नर आगारात फोन करून किंवा आदल्या दिवशी गावातच विचारून ठेवाव्यात. या एका मार्गावर जेवढा इतिहास आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या ग्रामीण फेरीवर असेल.

पूर गावाला कुकडेश्वराचं प्राचीन शिवमंदिर आहे, कुकडी नदीच्या उगमापाशी. शिलाहार राजा झंझाने बारा शिवालयं उभारल्याचा उल्लेख ताम्रपटात मिळतो आणि कुकडेश्वर त्यांतलंच एक, अशी परंपरा आहे. भिंतींवरचं कोरीवकाम मन लावून पाहण्याजोगं. पुढे चावंड. अहमदनगरच्या निजामशाहीत बहादूर हा लहान वारस याच गडावर कैदेत होता आणि चांदबिबीच्या काळात तो गादीवर आला. पुढे सुमारे चाळीस वर्षांनी मुर्तझा हा दुसरा बालवारस जीवधनवर होता. त्याला सोडवून शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशहा म्हणून बसवलं. निजामशाहीचे दोन बालवारस एकाच रानातल्या दोन गडांवर अडकले होते. राजधानीपासून लांब, जंगलाने वेढलेले आणि अवघड वाटांचे हे गड कैदखान्यालाही सोयीचे होते.

माणिकडोहचं धरण मागे टाकत गाडी जुन्नरला पोचते. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. उसाच्या शेतांत वाढलेले बिबटे हा जुन्नर तालुक्याचा आजचा मोठा प्रश्न, आणि जंगल-माणूस नात्याची दुसरी, कठीण बाजू.

जुन्नर स्टँडवरून शिवनेरीचा पायथा चालत गाठता येतो. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराज इथे जन्मले. सात दरवाजे, शिवाई देवी, गंगा-जमुना टाकी, कमानी मशीद. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांमध्ये शिवनेरी आहे. पण शिवनेरीच्या डोंगराच्या पोटात त्याआधीची बौद्ध लेणीही आहेत आणि जुन्नरभोवती अशी दोनशेच्या वर लेणी खोदलेली आहेत. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलं की एका विहारात अष्टविनायकांतला गिरिजात्मज बसलेला आहे आणि शेजारच्याच गुहेत स्तूप आहे. तुळजा लेण्यात बारा खांबांच्या वर्तुळात स्तूप आहे, अशी गोल रचना फार दुर्मीळ. मानमोडीला क्षत्रप नहपानाच्या अमात्याचा, अयमाचा, शेहेचाळिसाव्या वर्षाचा दानलेख आहे. आणि जुन्नरच्याच लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीक वंशाच्या किंवा पश्चिमेकडून आलेल्या लोकांनी, दिलेल्या दानांचेही लेख आहेत. हे यवन इथवर कसे आले असतील, असा प्रश्न सकाळी वैशाखऱ्याला उतरलेल्या माणसाला पडत नाही. त्यांच्या वाटेवरूनच तो आलेला असतो.

जुन्नरहून नारायणगाव आणि तिथून पुणे, मुंबई, नाशिक, कुठेही गाडी मिळते.

हीच रीत इतरत्र

नाणेघाट हे एक उदाहरण. भीमाशंकरला कर्जतजवळच्या खांडसपर्यंत एसटीने जावं, गणेश घाटाने जंगलातून वर चढावं आणि देवळाच्या स्टँडवरून मंचरकडे उतरावं. १९८५ पासून हे अभयारण्य आहे, शेकरूचं घर. देवळापाशी टांगलेली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर इथे आली. हरिश्चंद्रगडाला जायचं तर याच माळशेजच्या गाडीने खुबी फाट्यावर उतरून खिरेश्वरचं नागेश्वर मंदिर बघत टोलारखिंडीने चढावं आणि पलीकडे पाचनईला उतरावं. सूत्र तेच: एका बाजूने चढा, दुसऱ्या बाजूने उतरा.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. डोंगरातल्या गावांपर्यंत ती पोचली ती पर्यटकांसाठी नाही, तर शाळेची मुलं, बाळंतिणी, बाजाराला निघालेले शेतकरी यांच्यासाठी. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना तिच्यात तिकीट नाही आणि २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. त्या मुलांच्या आणि आज्यांच्या शेजारी बसून आपण रानात जातो, यात मला मोठं समाधान वाटतं. जेवढे प्रवासी त्या फेरीला मिळतील तेवढी ती फेरी टिकण्याची शक्यता वाढते. आपण सुट्टीत काढलेलं तिकीट घाटघरच्या मुलीला आठवडाभर कॉलेजला जायला कामी येतं.

जुन्नर हा २०१८ मध्ये राज्यातला पहिला पर्यटन तालुका जाहीर झाला. पर्यटन म्हटलं की आधी पार्किंग आठवतं. त्याऐवजी तीन साध्या गोष्टी कराव्यात. वैशाखरे, घाटघर, पूर, चावंड इथे एसटीच्या वेळांच्या ठळक मराठी पाट्या लावाव्यात. सुट्टीच्या दिवशी घाटघरहून संध्याकाळची एक खात्रीची फेरी ठेवावी, चालत आलेल्यांना घेऊन जाणारी. आणि पावसाळ्यातल्या गर्दीच्या दिवसांत खासगी गाड्या पठाराच्या अलीकडेच थांबवून पुढे एसटीने न्यावं. यात नवा रस्ता लागत नाही, डोंगर फोडावा लागत नाही.

आणि वाचकांना विनंती एवढीच की वाट सरकारची बघू नये. दोन-चार माणसं जमवावीत, पहाटे कल्याण गाठावं, तीन लिटर पाणी आणि सुटे पैसे बरोबर घ्यावेत, वैशाखऱ्याला उतरावं आणि संध्याकाळपर्यंत जुन्नरला पोचावं. गाड्यांच्या वेळा आधी विचाराव्यात, ऊन तापण्याआधी चढ संपवावा, अंधार पडण्याआधी रानातून बाहेर पडावं. नागनिकेच्या लेखासमोर घामाघूम होऊन बसण्याचा हक्क असा मिळतो. तो रस्त्याने विकत घेता येत नाही आणि तिकिटाच्या पैशांत मात्र सहज येतो.